म्हातारीचा काटा

आमच्या घरात माणसं तीन आणि गाडी एक, आणि सकाळी सगळ्यांत आधी पाणी मिळायचं ते गाडीला. आई विहिरीवरून पहिली कळशी आणायची ती मांगरात नेऊन गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतायची, दुसरी तुळशीला, आणि मग आमच्या चहाचं आधण. मांगर म्हणजे घराच्या अंगाला जांभ्याच्या खांबांवर माडाच्या झापांचं छप्पर घातलेली जागा. शेजाऱ्यांच्या मांगरात गुरं असत, आमच्यात ‘म्हातारी’ उभी असे. काळी, चौकोनी, पुढे दोन मोठे गोल दिवे, आणि बाजूच्या पायरीवर पितळी पट्टी. बाबांच्या हातात आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. आज असली गाडी कुठे प्रदर्शनात उभी दिसली की नातवंडं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतात. आम्ही तिच्यावर जेवत होतो.

बाबा मालवणाहून कसाल, कणकवली, कधी वेंगुर्ल्यापर्यंत भाड्याने गाडी चालवायचे. पहाटे पेज आणि सुकटाची चटणी खाऊन ते हँडल मारायला उभे राहत. पहिल्या फिरकीला म्हातारी नुसती खोकायची, दुसऱ्याला शिंकायची, तिसऱ्याला सगळी झापं थरथरायची आणि माडावरचे कावळे उठायचे. पेट्रोलचा वास आणि आईच्या चुलीवरच्या घावण्यांचा वास या दोन वासांत मी वाढले. अजूनही पेट्रोलपंपावर गाडी थांबली की मला भूक लागते. मुलगा हसतो.

सगळ्या पंचक्रोशीत बाबांना ‘साठवाले’ म्हणत. बाबलची, म्हणजे बाबांची, गाडी साठ मैलांनी धावते अशी ख्याती होती. शेजारच्या आसनावर बसलेला उतारू गाडी सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, सपाट रस्त्याला लागली की वाकून वेगाचा काटा बघायचा. काटा डुलत डुलत साठाच्या आकड्याला टेकला की बाबा मिशीतल्या मिशीत हसत, आणि गावात परतलेला तो माणूस बाबांनी आपल्याला कसं आणलं ते चार जणांना सांगे, “साठान हाडल्यान रे माका!” त्याच सड्यावर कधी कधी सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची बस, मागून येऊन आम्हाला धुळीत सोडून पुढे जायची. बाबा म्हणायचे, “तो ड्रायव्हर येडो आसा. नव्वदान जाता.” आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

मी मॅट्रिक झाले आणि त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जड झाली. त्याआधी दोन वर्षं सुट्टीच्या दिवसांत त्यांनी मला सड्यावर गाडी शिकवली होती, गंमत म्हणून. झील, म्हणजे मुलगा, नव्हता, चेडू होतं, तर चेडवाला शिकवलं. आता ती गंमत राहिली नाही. वेंगुर्ल्याहून तात्या आले, बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं तिथे काजूचं दुकान होतं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा असे. ओट्यावर पाय पसरून त्यांनी सांगितलं, गाडी विकायची, मी गिऱ्हाईक बघतो, आणि मंगलचं, म्हणजे माझं, लग्नही बघतो. मी म्हटलं, “तात्यानू, गाडी मी चालवतंय.” त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. दुसऱ्या आठवड्यात मी आईला घेऊन रत्नागिरीला गेले, तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता, आणि परीक्षा देऊन लायसन्स घेऊन आले.

त्या वर्षभरात मी काय काय ऐकलं ते सगळं लिहीत बसले तर दुसरं काही लिहायला जागा उरणार नाही. मोटारस्टँडवर मी गेले की इतर ड्रायव्हर विड्या विझवून पाठ फिरवत. बायका मात्र हळूहळू माझ्याच गाडीची वाट बघू लागल्या. बाळंतपणाला माहेरी निघालेली, दवाखान्यात निघालेली, नवऱ्याशी भांडून निघालेली, सगळ्या येत. तात्या महिन्याकाठी येऊन एकच वाक्य म्हणत, “चेडवान स्टेरिंग धरल्यान, आता हिच्याशी लगीन कोण करतलो?” एकदा आई पानात भात वाढता वाढता म्हणाली, “ज्याका खंय जावचा आसात तो करतलो.” आईने तात्यांसमोर तोंड उघडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग गावातल्या भिवाची बैलगाडी उलटली. कसालहून परतत होते. शेजारी विनायकराव बसले होते, कोर्टातले अव्वल कारकून, मागे दोन बायका. सडा संपून उताराचं वळण सुरू होतं तिथे पुढून भिवाची गवताने भरलेली बैलगाडी येत होती. मी पोंगा वाजवला, गाडी अगदी कडेला घेतली, थांबवलीही, पण एक बैल बुजला, त्याने मान झटकली, चाक चरात गेलं आणि गवतासकट सगळं आडवं झालं. भिवाचा पाय खाली अडकला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला काढलं आणि मी त्याला म्हातारीत घालून थेट दवाखान्यात नेलं. वाटेत कण्हता कण्हता तोच मला म्हणत होता, “बैल बुजलो गो बाये. तू लांब होतंस.” पुढच्या पेरणीला तो पुन्हा शेतात उभा राहिला, हे आधीच सांगून टाकते.

पण संध्याकाळी विनायकरावांनी फौजदारासमोर जबाब दिला. “वळणावर काटा चाळिसावर होता. मी शेजारीच बसलो होतो. चाळीस मैलांच्या वेगानं त्या उतारावर गाडी नेणं म्हणजे माणसं मारणं.” ते खोटं बोलत नव्हते, हीच माझी अडचण होती. काटा चाळिसावर होता, मीही पाहिला होता. पण माझ्या हातांना, तळव्यांना ठाऊक होतं की गाडी तेवढी धावत नव्हती. चाळीस मैलांनी धावती गाडी मी जिथे उभी केली तिथे उभी राहिली नसती. हे सांगायचं कोणाला? फौजदार म्हणाले, रत्नागिरीहून मोटार इन्स्पेक्टर येतील, लायसन्सचा निकाल ते देतील. तोवर गाडी घरी.

तात्या पुन्हा ओट्यावर येऊन बसले. या खेपेला त्यांचा आवाज मऊ होता, आणि तो मला जास्त लागला. “चूक झाली म्हण. ह्यापुढे गाडी चालवणार नाय म्हण. साहेब सोडून देतलो. विनायकरावाशी माझा बोलणा झाला आसा.” मी म्हटलं, “चूक झाली असती तर म्हटलंय असतंय.” “काटो खोटो सांगता?” त्यांनी विचारलं. तोंडातून निघून गेलं, “होय. काटो खोटो सांगता.” खाटेवर बाबा होते. इतके दिवस भिंतीकडे बघत पडलेला तो माणूस उजव्या कोपरावर उठला. जिभेला जडपणा होता तरी शब्द नीट कळले. “माझो काटो खोटो? साठान धावल्ली गाडी ती. माझ्या गाडयेक नाव ठेवूचा नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, “चल.” तिने हात पुसले, बाबांचं साखळीचं घड्याळ खुंटीवरून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हातारीच्या पुढच्या आसनावर बसली. गाडी घरी ठेवायचा हुकूम होता, तो आम्ही दोघींनी मोडला. सड्यावर त्या काळी मैलाचे दगड होते, चुना लावलेले, आणि रस्ता सरळसोट. हिशेब शाळेतला होता. काटा तिसावर धरून ठेवला तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दोन मिनिटं लागली पाहिजेत. मी पायाचा दाब जराही हलू देत नव्हते. दगड आला, मी ओरडले, आईने घड्याळ पाहिलं. सडा मागे सरत राहिला, करवंदीच्या जाळ्या गेल्या, एक गुराखी हात वर करून गेला. दोन मिनिटं झाली. दगड नाही. आई घड्याळाकडे बघे, मग रस्त्याकडे. तीन मिनिटंही उलटली तेव्हा ती म्हणाली, “गो, दगड कोणी उपटून नेल्यान की काय?”

त्या सकाळी आम्ही तो मैल किती वेळा तुडवला कोण जाणे. उन्हाने पत्रा तापला, आईच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलं, तरी ती “आणि एकदा” म्हणत राहिली. दर वेळी तेच. काटा काहीही दाखवो, खरा वेग त्याच प्रमाणात कमी भरत होता. चाळीस दाखवे तेव्हा पंचवीस. साठ दाखवला तेव्हा सदतीस, आणि तेवढ्यानेच म्हातारीचे सगळे सांधे ओरडत होते. बिघडलेला काटा कधी जास्त, कधी कमी चुकतो. हा इमानाने चुकत होता. मी गाडी सुरंगीच्या झाडाच्या सावलीत लावली, पेचकसानं तबकडीच्या कडेचे स्क्रू सैल केले आणि काच काढली. आकड्यांच्या खाली, काळ्या तबकडीवर, एक जागा खरवडलेली होती. पात्याचे बारीक ओरखडे, आणि त्यांच्यामधून एका अक्षराची पांढरी शेपटी राहून गेलेली. तेव्हा आपल्याकडे सगळं मैलांत होतं. किलोमीटर मी फक्त अंकगणिताच्या पुस्तकात पाहिला होता. पण सीमेवरच्या सातार्ड्यापलीकडे गोव्यात पोर्तुगीज होते आणि त्यांच्या रस्त्यांवर किलोमीटरच चालत असे. पाच मैलांचे आठ किलोमीटर. पंचवीसचे चाळीस. मी हसायला लागले ते मला आवरेना. आईला समजावून सांगितलं तेव्हा ती हसली नाही. त्या ओरखड्यांवरून तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्या कोणी केला ता माका इचारू नको.”

घरी येऊन मी बाबांना विचारलं. मीटर गोव्याचा आहे ना? अक्षरं कोणी खरवडली? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी चिडले. माझं लायसन्स जाणार, चुलीवरचं जाणार, आणि हा माणूस एका आकड्यासाठी गप्प बसतो! त्या दिवशी मी जेवले नाही. आईने सोलांची कढी केली होती, ती तशीच राहिली. तिने एवढंच म्हटलं, “तेंच्याकडे आता दुसरा काय उरलाहा?” तेव्हा ते मला पटलं नाही. आज मी त्यांच्या त्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, हात थरथरतो, कोणी मला पुढच्या आसनावरही बसू देत नाही, आणि आता पटतं. पण पटलं म्हणून त्या दिवशी मी माघार घ्यायला हवी होती असं आजही मला वाटत नाही.

इन्स्पेक्टर आले ते उंच, शिडशिडीत, कमी बोलणारे गृहस्थ होते. मी आधीच सांगितलं, “साहेब, काटा किलोमीटरचा आहे. तुमच्या घड्याळानं मोजा.” ते शेजारी बसले, मागे विनायकराव आणि तात्या. सड्यावर मी काटा चाळिसावर नेला आणि दगडापासून दगडापर्यंत तिथेच खिळवून ठेवला. एकदा जाताना, एकदा येताना. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, “पंचवीस.” तात्यांनी मागून मोठा श्वास सोडला. पण विनायकराव पुढे वाकले. “साहेब, त्या दिवशी गाडीत हाच मीटर होता कशावरून? स्क्रू बघा. नुकतेच काढलेले आहेत. बाई शिकलेली आहे, नंतर बदलला असेल.” साहेबांनी तबकडीची कड पाहिली. पेचकसाचे चकचकीत ओरखडे होतेच. “काच कोणी उघडली?” “मी,” मी म्हटलं. “बघायला.” साहेबांनी स्क्रू बोटाने चाचपून पाहिले. मग विचारलं, “हा मीटर बसवला कोणी?” “ते बाबांनाच ठाऊक,” मी म्हटलं.

घरी पोचेपर्यंत ही बातमी कशी पुढे गेली देव जाणे, अंगणात माणसं जमली होती. स्टँडवरचे ड्रायव्हर होते, आळीतल्या बायका होत्या, बाबांच्या गाडीतून साठाने गेलेले अर्धेअधिक तरी होते. आईने आणि मी बाबांना खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं. साहेबांनी खाली वाकून विचारलं, “हा मीटर केव्हाचा आहे?” बाबांची नजर साहेबांवर नव्हतीच, ती त्या सगळ्या माणसांवरून फिरत होती. मी म्हटलं, “बाबा, बोला. नायतर मी सांगतंय.” साहेबांनी हाताने मला थांबवलं. मी मात्र बाबांच्या समोरून हलले नाही. डोळ्यांत बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी एक एक शब्द ओढून काढल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

“ह्या चेडू परकर नेसून शाळेत जाय होता, तेव्हापासून होच मीटर आसा. माझो मोडलो. गोंयात पणजेक अशीच एक गाडी मोडीत काढलेली, तिचो हाडलंय.” थुंकी गिळून ते पुढे म्हणाले, “किलोमीटराचो. अक्षरां मिया खरवडलंय.” आणि त्यांनी उजवा हात वर केला. “ह्या हातान.”

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं. विनायकराव पुढे झाले. “म्हणजे इतकी वर्षं लोकांना फसवलंत तुम्ही!”

बाबांची मान ताठ झाली. झटक्यानंतर पहिल्यांदाच मी ती तशी पाहिली. “फसवलंय? तुमीच म्हणी होतास, बाबल, साठान घे! काट्यात साठ दिसलो की खूश होवन उतरी होतास. खऱ्या साठान नेलंय असतंय तर हय उभे रवलास असतास? एकाचा तरी हाड मोडला माझ्या गाडयेत? सांगा!” मग त्यांनी विनायकरावांकडे मान वळवली. “माका काय म्हणूचा ता म्हणा. चेडवाक एक शब्द म्हणूचा नाय. ता माझ्यापेक्षा बरा चालवता.”

साहेबांनी तिथेच सांगितलं की वेगाचा आरोप टिकत नाही, लायसन्स राहील, मीटर मात्र दुरुस्त करून दाखवावा. मग जाताना, चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण म्हणाले, “तरी मुलीच्या जातीनं हा धंदा करावा का, याचा घरच्यांनी विचार करावा.” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही गाडी तपासायला आला होता. ती तपासून झाली.” तात्यांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी टोपी सारखी केली आणि ते निघून गेले.

त्यानंतर बाबांना गावातली पोरं ‘किलोमीटर’ म्हणून हाका मारू लागली. पहिल्यांदा मी काठी घेऊन धावले. बाबांनीच मला थांबवलं आणि ओट्यावरून मोठ्याने ‘ओ’ दिली. पोरंच गांगरली.

दुसरा मीटर मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा मी होता तोच नीट लावायला घेतला. जुने आकडे काळ्या रंगाने झाकून टाकले. मग पुन्हा आई, घड्याळ आणि सडा. काच काढून ठेवलेली, मी खऱ्या दहा मैलांनी गाडी धरायची, काटा जिथे उभा राहील तिथे आईने काडीच्या टोकाने पांढरा ठिपका द्यायचा, मग वीस, मग तीस. गाडी हादरली की ठिपका पसरायचा, आई जिभेचं टोक दातात धरून पुन्हा पुसायची. तिच्या हाताची ती वेडीवाकडी तबकडी पुढे कितीतरी वर्षं बरोबर चालली, दगडांशी मेळ घालून मी अधूनमधून बघत असे. बाबांनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती मांडीवर मागून घेतली, निरखली आणि म्हणाले, “तिसाची रेग तांबडी कर. उतारार तिच्या भायर जावचा नाय.” मी तांबडी केली.

गाडी सुटली तरी भाडी लगेच आली नाहीत. मी रोज सकाळी स्टँडवर जाऊन उभी राहायचे. ड्रायव्हर पाठ फिरवत, मी फिरवत नसे. ऊन चढलं की आईने बांधून दिलेले घावणे तिथेच बॉनेटवर ठेवून सगळ्यांच्या देखत खायचे. तात्यांनी निरोप धाडला की गिऱ्हाईक अजून थांबलं आहे. मी उलट निरोप दिला की त्याला बसायला सांगा.

एके सकाळी विनायकराव घाईघाईने आले. काखेत कागदांचं बोचकं, सर्व्हिस मोटार नुकतीच निघून गेलेली, आणि स्टँडवर दुसरी एकही गाडी नाही. त्यांनी चारी दिशांना पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, “कणकवलीला कोर्टात जायचं आहे,” म्हणाले आणि मागच्या आसनावर बसले. शेजारची जागा मोकळीच होती. मी हँडल मारलं, म्हातारी तिसऱ्या फिरकीला उठली. चढ चढून सड्यावर आलो, रस्ता सरळ झाला. मागून हालचाल ऐकू येऊ लागली. ते घड्याळ काढत होते, ठेवत होते, पुन्हा काढत होते. शेवटी कोर्टातली भाषा गळून पडली आणि घरातली आली.

“जरा चेपून घे गो बाये. कोर्टात साहेब येवन बसतलो. तुझो बापूस असतो तर एव्हाना पोचवल्यान असतो.”

“तिसाच्या वर जावचंय नाय,” मी म्हटलं. “उशीर झालो तर साहेबांका माझा नाव सांगा.”